कुलर लावण्याआधी वायरमनला बोलवा

मार्च संपत आला की नागपुरात माळ्यावरचे, गच्चीवरचे कुलर खाली उतरतात. गंजलेल्या पत्र्याला रंगाचा हात बसतो, जुन्या ताट्या काढून नव्या लावतात, पंप चालतो की नाही ते बादलीत बुडवून पाहतात. वायर कुठे सोललेली दिसली तर तिच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळतात आणि कुलर खिडकीपाशी स्टँडवर चढतो. एवढ्या सगळ्या तयारीत एका माणसाला मात्र आपण बोलावत नाही. तो म्हणजे वायरमन.

मी सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून ३१ वर्षे नोकरी केली. त्यातला बराच काळ अपघात विभागात गेला. उन्हाळ्यात तिथे दोन वाक्ये सारखी कानावर पडत: "ऊन लागलं" आणि "करंट लागला". ऊन लागलेल्यासाठी आमच्याजवळ सलाइन होते, बर्फ होता, ओल्या चादरी होत्या आणि थोडाफार वेळही असायचा. करंट लागलेला माणूस आमच्यापर्यंत पोचेपर्यंत बहुतेक वेळा काही उरलेले नसे.

मे महिन्यातल्या एका दुपारची गोष्ट आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. तिशीच्या आतली एक बाई आणली होती. घरच्यांनी स्कूटरवर मधे बसवून आणली होती. चालू कुलरमध्ये ती बादलीने पाणी ओतत होती. फरशी ओली, पाय अनवाणी. अंगावर जखम म्हणाल तर उजव्या हाताच्या बोटावर ज्वारीच्या दाण्याएवढा काळा डाग. बाकी झोपल्यासारखी दिसत होती. डॉक्टरांनी पाऊण तास प्रयत्न केले. बाहेर तिचा नवरा भिंतीला टेकून एकच सांगत होता, "दोन दिवसांपासून कुलर झिणझिण करत होता, सिस्टर. पण चालू होता न."

त्या वाक्यासाठी मी हा लेख लिहीत आहे. छातीत कळ आली तर आपण दवाखाना गाठतो. साखर वाढली तर गोळी घेतो. पण घरातली वस्तू हाताला झिणझिणते तेव्हा ते लक्षण आहे, हे आपण मानत नाही. चप्पल घालतो, हात पुसतो आणि पुढच्या कामाला लागतो. ही एक अशी व्याधी आहे की तिचे औषध डॉक्टरजवळ नाही, वायरमनजवळ आहे. म्हणून आरोग्याच्या पानावर मला वायरमनबद्दल लिहायचे आहे.

शरीरात नेमके काय होते?

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते आणि ती सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. शरीरातून किती वीज वाहते यावर जीव अवलंबून असतो. ती मोजतात मिलिअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या भागात. साधारण १ मिलिअँपिअर वाहिली तर मुंग्या आल्यासारखे वाटते. १०च्या पुढे गेली की हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. "विजेनं ओढून धरलं" असे आपण म्हणतो. वीज ओढत नाही. आपलीच मूठ उघडत नाही. ५० ते १००च्या घरात गेली की हृदयाचे ठोके बिघडतात. हृदय आकुंचन-प्रसरण सोडून नुसते थरथरत राहते आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. मेंदूला मिनिटा-दोन मिनिटांत प्राणवायू कमी पडू लागतो.

कोरडी कातडी विजेला बरीच अडवते. ओली कातडी तेवढी अडवू शकत नाही. ओल्या अंगाचा विरोध १,००० ओहमच्या आसपास धरला तर २३० भागिले १,००० म्हणजे २३० मिलिअँपिअर. वर सांगितलेल्या आकड्यांशी ताडून पाहा. पाणी, पत्रा, ओली फरशी आणि अनवाणी पाय हे चार जण कुलरपाशी एकत्र येतात. कुलर वीज फार खात नाही, म्हणून आपण त्याला गरीब समजतो. पण मारायला तेवढी पुष्कळ होते.

आता पुढचा हिशेब बघा. आपल्या घरात एमसीबी असते. तिचा खटका पडला की आपण म्हणतो, चला, सुरक्षा आहे. पण पंख्या-दिव्यांच्या लाइनवरची एमसीबी ६ अँपिअरची, म्हणजे ६,००० मिलिअँपिअरची असते. माणसाच्या अंगातून २३० मिलिअँपिअर वाहत असताना ती हलणारसुद्धा नाही. तिचा तो दोष नाही. वायर तापून घराला आग लागू नये, एवढ्यासाठीच ती असते. माणूस वाचवण्यासाठी वेगळी वस्तू लागते. तिला आरसीसीबी म्हणतात. जुने लोक ईएलसीबी म्हणतात. एका तारेने घरात गेलेली वीज दुसऱ्या तारेने तेवढीच परत येते की नाही, हे ती सतत तपासते. मधेच ३० मिलिअँपिअर कुठे दुसरीकडे, म्हणजे कुणाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागली, तर ती लाइन तोडते. गळती १५० मिलिअँपिअर किंवा जास्त असेल तर सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत तोडते. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

थोडक्यात, एमसीबी घर वाचवते आणि आरसीसीबी माणूस वाचवते. दोन्ही हव्यात. आरसीसीबीलाही मर्यादा आहे, तीही सांगते. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला तर तिला तो माणूस बल्बसारखाच वाटतो. ती लाइन तोडत नाही. म्हणून ती आहे म्हणून उघड्या तारेत हात घालायचा नसतो.

माझ्याच घरातली चूक

दुसऱ्यांना सांगण्याआधी माझे सांगते. निवृत्तीच्या पैशातून आम्ही घर वाढवले. वर एक खोली काढली, खाली टाइल्स बसवल्या, बैठकीत पीओपी केले आणि त्यात रंगीत दिवे सोडले. बांधकाम करणाऱ्यानेच त्याचा माणूस वायरिंगला आणला. अंदाजपत्रकात शेवटी एक ओळ होती: अर्थिंग. मी विचारले, हे कशाला? तो म्हणाला, नसले तरी चालते. त्याच्या त्या उत्तराने मला आनंदच झाला. मी स्वतःच्या पेनने ती ओळ खोडली. दिव्यांची ओळ खोडली नाही.

दोन वर्षांनी माझा सहा वर्षांचा नातू आंघोळ करून पळत आला, फ्रीजला हात लावला आणि रडत म्हणाला, "आजी, फ्रीज चावते." मी काय केले असेल? मी त्याला म्हणाले, "चप्पल घालून उघडत जा, बाळा." मी, जिने ती ज्वारीच्या दाण्याएवढी जखम आपल्या डोळ्यांनी पाहिली होती! रात्री झोप येईना. "पण चालू होता न" हे वाक्य आता माझ्याच घरात बोलले गेले होते.

दुसऱ्या दिवशी आमच्याच वस्तीतल्या एका मुलाला बोलावले. आयटीआयमधून तारतंत्रीचा दोन वर्षांचा कोर्स केलेला, वायरमनचा परवाना असलेला. लोक त्याला फार बोलावत नाहीत, कारण तो "जास्त सांगतो". त्याने आल्या आल्या मेन बंद केली आणि एकेक बोर्ड उघडून मला दाखवला. सगळे प्लग तीन भोकांचे, पण वरच्या मोठ्या भोकाच्या मागे वायरच नाही. "काकू, हे भोक नुसतं देखाव्याचं आहे," तो म्हणाला. न्हाणीतल्या बटणाने फेजऐवजी न्यूट्रल तोडला जात होता. म्हणजे बटण बंद करून बल्ब बदलायला गेले तरी होल्डर जिवंतच. २,००० वॅटच्या गिझरला जवळजवळ ९ अँपिअर लागतात. त्याला पंख्याच्या बोर्डावरूनच बारीक वायर ओढली होती. आणि मीटरजवळच्या जुन्या किटकॅटमध्ये फ्यूजच्या तारेऐवजी तांब्याची जाड तार पिळून घातली होती, म्हणजे फ्यूज जळणार नाही, घर जळेल.

त्याने मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा केला, प्रत्येक प्लगपर्यंत हिरवी वायर नेली, गिझरला वेगळी जाड वायर आणि वेगळी एमसीबी दिली, मीटरनंतर आरसीसीबी बसवली. दोन दिवस काम चालले. सुरुवातीलाच करून घेतले असते तर याच्या निम्म्यात झाले असते, कारण आता टाइल्स आणि भिंती फोडाव्या लागल्या. फ्रीजमध्ये दोष होता तो वेगळा दुरुस्त केला. वायरिंगचा सगळा खर्च माझ्या पीओपीपेक्षा कमी होता.

म्हणून माझे मत असे आहे: घरात रंग, टाइल्स, पीओपी, नवा टीव्ही यांच्या आधी वायरिंगवर खर्च झाला पाहिजे. आणि तो खर्च करताना वस्तीतल्या शिकलेल्या, परवाना असलेल्या वायरमनला बोलावले पाहिजे. स्वस्त मिळतो म्हणून कुणालाही नाही.

कायदा काय सांगतो?

पुष्कळांना वाटते की घर आपले, वायर आपली, कोणीही जोडली तरी काय बिघडले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांत (आधी २०१०चे, आता २०२३चे) हे स्पष्ट आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, बटण अशा वस्तू जशाच्या तशा बदलणे सोडले तर वायरिंगचे नवे काम, वाढीव काम किंवा दुरुस्ती ही राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवानाधारक माणसाच्या हातूनच झाली पाहिजे. नव्या मीटरसाठी महावितरणकडे अर्ज करताना टेस्ट रिपोर्ट मागतात तो याच ठेकेदाराचा असतो. पण आपण काय करतो? कुणाचा तरी सही-शिक्का मारलेला रिपोर्ट विकत आणतो आणि काम दुसऱ्याच कुणाकडून करून घेतो. रिपोर्टवर सही करणाऱ्याने आपले घर पाहिलेलेही नसते. असा रिपोर्ट म्हणजे रक्त न काढता दिलेला रक्ततपासणीचा अहवाल. तसा अहवाल आपण घेऊ का?

वायरमन ठरवताना पुढच्या गोष्टी विचारा. विचारण्यात कसला संकोच नको.

१. तुझ्याजवळ परवाना आहे का? कोणत्या ठेकेदाराच्या हाताखाली काम करतोस? कागद पाहायला मागा. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही.

२. काम सुरू करण्याआधी मेन बंद करतोस का? बंद केल्यावर पुन्हा टेस्टरने तपासतोस का? जो "चालू लाइनवरच करून टाकतो" अशी फुशारकी मारतो त्याला चहा पाजून परत पाठवा.

३. काय काय करणार ते कागदावर लिहून दे. किती पॉइंट, कोणती वायर, किती जाड, सामानाचे किती, मजुरी किती. दिव्या-पंख्याला साधारण १.५ चौरस मिलिमीटर, पॉवर प्लगला २.५, एसीला ४ अशी वायर वापरतात. फेज, न्यूट्रल आणि अर्थ यांचे रंग वेगवेगळे हवेत, अर्थ हिरवीच.

४. सामान आयएसआय शिक्क्याचे आणि पक्क्या बिलाचे. वायर आणि आरसीसीबी या दोन वस्तूंत पैसे वाचवू नका.

५. भिंतीत पाइप बुजवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे भिंतीला खिळा ठोकताना तो फोटो कामी येतो.

६. काम झाल्यावर माझ्यासमोर तपासून दाखव. आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबले की लाइन गेली पाहिजे. प्रत्येक प्लगमध्ये अर्थ आहे हे त्याने मीटर लावून किंवा बल्ब लावून दाखवले पाहिजे. वायरचे आवरण चांगले आहे की नाही हे मेगर नावाच्या यंत्राने कळते. जुन्या घरात ती तपासणी अवश्य मागा.

नळाच्या पाइपला किंवा खिडकीच्या गजाला अर्थची वायर बांधून देणारे लोक आहेत. त्यांना ते करू देऊ नका. गळती झाली तर आपल्याबरोबर शेजाऱ्याच्याही नळाला करंट येतो. आणि प्लास्टिकचा पाइप असेल तर अर्थिंग मुळी होतच नाही.

"आमच्याजवळ एवढे पैसे कुठून?"

हा प्रश्न खरा आहे आणि तो उडवून लावण्याचा मला अधिकार नाही. आपल्या वस्त्यांत एका खोलीत पाच माणसे राहतात. भाड्याची खोली, घरमालकाचा मीटर, एका बोर्डावर टीव्ही, पंखा, मोबाइल आणि कुलर. कुणाला उन्हाळ्यात कुलर वापरू नका असेही मी म्हणणार नाही. पारा ४५वर गेला की ऊनही जीव घेते, आणि म्हातारे आणि तान्ही मुले यांचा आधी घेते. त्यामुळे सगळे एकदम जमत नसेल तर क्रम लावा.

सर्वांत आधी आरसीसीबी. घरापुरती, ३० मिलिअँपिअरची, दोन-अडीच हजारांच्या आसपास मिळते. कंपनीप्रमाणे थोडे कमी-जास्त. तेवढ्याने आधी जीव वाचेल, बाकीचे पुढच्या वर्षी करता येईल. दुसरे, कुलरला तीन पिनांचा प्लग आणि पत्र्याला पक्की जोडलेली अर्थची वायर. तिसरे, अर्थिंगचा खड्डा. एका ओळीतल्या चार-पाच घरांनी वर्गणी करून चांगला खड्डा करून घेतला तर प्रत्येकाच्या वाट्याला फार खर्च येत नाही. मात्र तोही जाणत्या वायरमनकडूनच. भाडेकरूंनी घरमालकाकडे अर्थिंग मागावे. पाण्याचा नळ मागतो तसे मागावे. ती मेहरबानी नाही.

आणि ज्याला काहीच शक्य नाही त्याने एवढे तरी करावे: कुलरमध्ये पाणी टाकण्याआधी बटण बंद करून प्लग उपसून काढावा. बटण बंद केले एवढ्यावर विश्वासू नये. माझ्या न्हाणीतल्या बटणाची गोष्ट वर सांगितलीच आहे. पंपाच्या वायरचा जोड पाण्यात बुडू देऊ नये. लहान मुलांना कुलरजवळ खेळू देऊ नये. पाणी तापवायचा रॉड बादलीत असताना बोट घालून पाणी पाहू नये. टिल्लू पंप ओल्या हाताने हलवू नये. आणि एखादी वस्तू झिणझिणली तर ती बंद करावी, त्याच दिवशी, त्याच क्षणी.

वायरमनचाही जीव आहे

आता दुसरी बाजू. वायरमनला आपण कसे वागवतो? रात्री नऊला फोन करतो. "पाच मिनिटांचं काम आहे" म्हणतो. मेन बंद करू देत नाही, कारण मालिका चालू असते. हलत्या स्टुलावर चढायला लावतो आणि शेवटी ५० रुपयांवरून घासाघीस करतो. तो मग काय करणार? कमी वेळात, कमी सामानात काम उरकणार. स्वस्त वायरमन आपणच तयार करतो. त्याच्याबरोबर येणारा १५-१६ वर्षांचा पोरगा, ज्याला आपण हेल्पर म्हणतो, तो बहुतेक आपल्याच वस्तीतला असतो. त्याच्या पायात चप्पल, हातात उघडे पक्कड. विजेचा शॉक वायरमनला ओळखून सोडून देत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. त्याच खात्याकडे विजेचा विषयही होता. वीज मुबलक आणि स्वस्त मिळावी हा त्यांचा आग्रह होता, आणि १९४४मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच खात्याखाली उभे राहिले. मजूर आणि वीज या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या टेबलावर होत्या, हे मला महत्त्वाचे वाटते. आपण आज घरात वीज घेतली, पण ती जोडणाऱ्या मजुराचा विचार बाजूला ठेवला. पूर्ण मजुरी, मेन बंद करून काम आणि पक्की शिडी एवढे तरी आपण त्याला देणे लागतो.

काही जण म्हणतील, ताई, आमच्या ओळखीचा पोरगा कागद नसला तरी चांगले काम करतो. असेलही. वर्षानुवर्षे हाताने शिकलेले कितीतरी कारागीर आहेत आणि त्यांना हाकलून द्या असे माझे म्हणणे नाही. त्याला ठेकेदाराच्या हाताखाली जाऊन परवान्याची परीक्षा द्यायला लावा. फीसाठी थोडी मदत करा. वस्तीतल्या दहा घरांनी ठरवले की कागद असलेल्यालाच काम, तर दोन वर्षांत कागद नसलेला वायरमन वस्तीत उरणार नाही. आणि वस्तीतल्या आयटीआय झालेल्या मुली? त्याही आहेत. त्यांना एकदा बोलावून तर पाहा.

सणाच्या रोषणाईबद्दल दोन शब्द

१४ एप्रिल आणि बुद्धपौर्णिमा या दिवसांत आपल्या वस्त्या उजळून निघतात. ती रोषणाई कोण करते? बहुतेक ठिकाणी वस्तीतली उत्साही मुले, रात्री जागून. खांबावरून आकडा टाकला जातो, उघडे जोड रस्त्यावरून जातात, पोरे लोखंडी शिडीवर चढतात. मिरवणुकीत झेंड्याचा लोखंडी पाइप वरच्या तारेच्या जवळ जातो. वरची तार ११,००० व्होल्टची असेल तर तिला टेकण्याचीसुद्धा गरज नसते. फार जवळ गेले तरी ठिणगी उडी घेते. झेंड्याला बांबू वापरा, तोही कोरडा आणि तारांपासून दूर. तात्पुरते मीटर रीतसर घ्या, तिथेही आरसीसीबी लावा आणि वर्गणीच्या हिशेबात डीजेच्या आधी वायरमनची मजुरी लिहा.

करंट लागलाच तर

आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी फळीवर उभे राहून कोरड्या काठीने माणसाला वायरपासून दूर करा. त्याला हात लावू नका. वाचवायला गेलेला दुसरा माणूस जातो, हे मी एकाहून जास्त वेळा पाहिले आहे. रस्त्यावरची तार तुटून पडली असेल तर जवळ जाऊच नका. लोकांना लांब ठेवा आणि १९१२ वर महावितरणला कळवा.

सुटका झाल्यावर हाक मारा, खांदा हलवा. उत्तर नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके येत आहेत, तर १०८ ला फोन करायला सांगा आणि लगेच छाती दाबायला सुरुवात करा. छातीच्या मधोमध, दोन्ही हात एकावर एक ठेवून, मोठ्या माणसाची छाती साधारण ५ सेंटिमीटर दबेल इतक्या जोराने, मिनिटाला १०० ते १२० वेळा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. दमलात तर दुसऱ्याने हात लावावा. हातपाय चोळत बसू नका, तोंडात पाणी घालू नका, स्कूटरवर मधे बसवून नेऊ नका. त्या दुपारी त्या बाईच्या घरच्यांना हे कुणी शिकवले असते तर, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

माणूस उठून बसला, "काही नाही झालं" म्हणाला, तरी दवाखान्यात न्या. विजेची जखम वरून लहान आणि आतून मोठी असते. हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात, म्हणून ईसीजी हवा. लघवी गडद तांबूस झाली तर आतले स्नायू जळल्याची ती खूण असू शकते. मूत्रपिंडाला धोका होतो. गरोदर बाईला झटका लागला तर तो कितीही लहान असो, डॉक्टरला दाखवाच.

माझ्या घरी आता प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला नातू स्टुलावर चढतो आणि आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबतो. घरभर अंधार होतो, पंखे थांबतात, तो टाळ्या वाजवतो. मग मी खटका वर करते. एवढेच काम. बटण दाबूनही अंधार झाला नाही, तर त्याच दिवशी वायरमनला फोन करायचा, हे आता त्यालाही पाठ झाले आहे.

तुमच्या घरात ते बटण कुठे आहे, आज उठून पाहा. नसेल तर यंदा कुलरच्या ताट्या बदलण्याआधी वस्तीतल्या वायरमनला फोन करा. आणि तो मजुरी सांगेल ती घासाघीस न करता द्या.